वाचताना सुटलेला विराम

मित्रांनो, माझ्या अंगावर सहा कळा आहेत. आवाज ऐकवायची, पुढे पळवायची, मागे आणायची, बंद करायची, आवाज भरून घ्यायची आणि सगळ्यात उजवीकडची, मध्येच थांबवायची. पहिल्या पाच कळा आयुष्यात पुष्कळ हातांनी दाबल्या. सहावीचा उपयोग जाणणारी बाई मला उशिरा भेटली. मी टेपरेकॉर्डर आहे, चांगला पंचवीस वर्षांचा, आणि वाशीम जिल्ह्यातल्या कामरगावात एका घराच्या खिडकीत माझा मुक्काम असतो.

माझ्या जन्माचे फारसे आठवत नाही. ओळीने बसलेल्या बायकांपैकी एकीने माझ्या पोटात बारीक स्क्रू पिळले, दुसरीने पुढची जाळी दाबून बसवली आणि मग खोक्यातला अंधार. उजेड दिसला तो कामरगावजवळच्या एका लहानशा गावातल्या शाळेत. तेव्हा वाशीम जिल्हा नवाकोरा होता आणि पहिलीपासून इंग्रजी शिकवायचे नुकतेच ठरले होते. खेड्यातल्या मुलांच्या कानावर इंग्रजी पडावे म्हणून मला तिथे धाडले होते. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने क्रमांक घातला गेला. मुख्याध्यापक मनाने भले होते, पण वस्तू बिघडली तर जाब द्यावा लागेल, या धास्तीने त्यांनी मला टॉवेलात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवले. तपासणीला साहेब आले की मला टेबलावर मांडत. साहेबांची गाडी वळली की पुन्हा कपाट. सहा वर्षे अशी गेली. न वापरलेली वस्तू नवी राहते असे माणसांना वाटते. माझ्या आतला रबरी पट्टा मात्र पडून पडूनच चिकट झाला होता.

मग रत्नमाला तायडे मॅडम त्या शाळेत बदलून आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कपाटाची किल्ली मागितली. बिघडला तर काय करता, असे मुख्याध्यापकांनी विचारले. बिघडला तर दुरुस्त करू, पण पोरांचे इंग्रजी बिघडले तर ते कोण दुरुस्त करणार, असे मॅडम म्हणाल्या. मला पिशवीत घालून त्या कारंज्याला, तालुक्याच्या गावी, घेऊन गेल्या आणि धनसिंग मिस्त्रीकडून नवा पट्टा बसवून आणला.

मॅडमची शिकवण्याची रीत वेगळी होती. स्वतःच्या आवाजात वाक्य भरायचे, मुलांना ऐकवायचे आणि अधेमधे ती सहावी कळ दाबायची. एकदा त्यांनी ‘नो वॉटर प्लीज’ एवढे तीनच शब्द फळ्यावर लिहिले. आजारी माणसाने ‘नो’ म्हणून थांबून पुढचे म्हटले तर तो पाणी मागतो आहे, आणि ‘नो वॉटर’ म्हणून थांबला तर पाणी नको म्हणतो आहे. शब्द तेच, पण एकदा पेला द्यायचा आणि एकदा परत न्यायचा. मुलांना फार मजा वाटली. पुढचे चार दिवस शाळेत पाणी पिण्याच्या सुट्टीत दुसरे काही ऐकू येत नव्हते. मॅडम सांगत, आधी डोळ्यांनी पुढचे टिंब शोधायचे, मग तोंड उघडायचे. स्वल्पविरामाला त्या बोटाने टेबलावर एकदा टिचकी मारत, पूर्णविरामाला दोनदा.

ती माझी चांगली वर्षे. पुढे शाळेत मोठा पडदा आला आणि माझे नाव निकामी वस्तूंच्या यादीत गेले. मॅडमनी रीतसर अर्ज करून मला मागून घेतले आणि कामरगावच्या आपल्या घरी आणले. तिथेही दोन वर्षे मी माळ्यावर होतो. उंदरांनी माझी वायर कुरतडली. आपले काम संपले, असे मी मनाशी धरून चाललो होतो.

पण गावातल्या काही मुली नर्सिंगचे शिक्षण घेऊ लागल्या. पुस्तके इंग्रजी, तोंडी परीक्षा इंग्रजी, आणि मुली रडकुंडीला आलेल्या. मॅडमनी रविवारी दुपारी घरीच वर्ग सुरू केला आणि मला खाली उतरवले. मोबाइलवर आवाज भरता येतो, हे मुलींनी त्यांना सांगून पाहिले. मोबाइल मधेच वाजतो आणि तुमचे लक्ष तिकडे जाते, एवढेच उत्तर मिळाले.

वर्गात साक्षी सगळ्यांत हुशार होती. धम्मरत्न नावाच्या गवंडीकाम करणाऱ्या माणसाची ही थोरली मुलगी, वाशीमला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, वसतिगृहात राहणारी. शनिवारच्या बसने घरी यायची. ती फाडफाड इंग्रजी वाचत असे आणि गावात तिचे कौतुक त्या वेगाचेच होते. धम्मरत्न ओट्याबाहेर उभे राहून ऐकत आणि न समजताही खूश होऊन जात. मॅडम तिला दर रविवारी टोकत, ती हो म्हणे, आणि पुन्हा तसेच वाचे. तिच्या शेजारी बसणारी वैष्णवी बारावीला होती. ती एक ओळ वाचायला दोन मिनिटे घेत असे आणि मुली हसतील म्हणून तोंडावर ओढणी धरत असे.

आता त्या रविवारचे सांगतो.

कापूस वेचणीचे दिवस होते. निम्मे गाव शेतात होते. वर्गाला साक्षी एकटीच आली होती. वैष्णवी आली नव्हती, कारण तिची आजी गोजराबाई तापाने फणफणली होती. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडाचा, खुंट तिच्या तळपायात घुसून पाय सुजला होता. वैष्णवीचे वडील जगदेव सकाळीच तिला गावातल्या राजूच्या जीपने कारंज्याला एका खासगी दवाखान्यात घेऊन गेले होते. साक्षी माझ्यासमोर बसून धडा वाचत होती आणि मी तो भरून घेत होतो. तेवढ्यात नळ आला. आमच्याकडे नळ येतो तेव्हा हातातले काम टाकावे लागते. तू वाचत राहा, मी येते, असे सांगून मॅडम मागच्या अंगणात गेल्या.

धडा अर्ध्यावर आला असेल नसेल, तोच वैष्णवी धावत दारात आली. एका हातात प्लास्टिकच्या पिशवीतली फाइल, दुसऱ्या हातात मोबाइल. फोनवर जगदेव होते. डॉक्टरांनी विचारले होते की आजीच्या जुन्या कागदावर पेनिसिलिनचे काय लिहिले आहे. गेल्या वर्षी अमरावतीला आजीचे ऑपरेशन झाले होते, त्याची ती फाइल. जगदेवांकडे बटणांचा साधा फोन होता, म्हणून कागदाचा फोटो पाठवून चालणार नव्हते, आणि त्या फोनची बॅटरीही संपत आली होती.

"मॅडम कुठं हायेत?" वैष्णवीने विचारले.

"पाणी भरून राह्यल्या. आण इकडं, मी वाचते."

साक्षीने कागद काढला. अक्षर घाईचे होते. फोनच्या स्पीकरवर डॉक्टरांचा आवाज आला, लवकर सांगा. साक्षीने एका दमात वाचले, "पेनिसिलिन गिव्हन नो रिॲक्शन सीन अर्लिअर."

"नो रिॲक्शन. ठीक," डॉक्टर म्हणाले, आणि फोन बंद झाला.

साक्षीच्या चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचे समाधान होते. पेनिसिलिन पूर्वी दिले आहे, त्रास झाला नाही, आता डॉक्टर देतील, असे तिने वैष्णवीला समजावले. वैष्णवी कागदावर वाकली होती. तिचे बोट एका जागी थांबले.

"साक्षी, गिव्हनच्या पुढं काहीतरी वाकडं काढलं हाय."

"शाईचा डाग असन तो."

"अन् नोच्या पुढं टिंब हाय."

साक्षीने कागद जवळ घेतला, पण पाहिला नाही. मला ते स्पष्ट आठवते. तिने नुसता घेतला. तेवढ्यात मॅडम पदराला हात पुसत आत आल्या आणि काय झाले म्हणून विचारू लागल्या. साक्षीने सांगितले. मॅडमनी कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा बदलला. अमरावतीच्या डॉक्टरांनी तीन गोष्टी लिहिल्या होत्या. पेनिसिलिन गिव्हन, पुढे प्रश्नचिन्ह. नो, पुढे पूर्णविराम. मग दुसऱ्या ओळीवर, रिॲक्शन सीन अर्लिअर. पेनिसिलिन दिले का? नाही. पूर्वी त्याची रिॲक्शन आलेली आहे.

"तू फोनवर कसं वाचलंस?" मॅडमनी विचारले.

"जसं लिवलं तसंच, मॅडम. थांबली होती मी."

ती खोटे बोलत नव्हती. तिला खरेच तसे वाटत होते. मॅडमची नजर माझ्याकडे वळली. माझी चाके अजून फिरत होती. त्यांनी कॅसेट थोडी मागे आणली आणि कळ दाबली. माझ्या तोंडून साक्षीचाच आवाज निघाला, सहाही शब्द एका दोरीत ओवल्यासारखे, कुठे गाठ नाही. पाठोपाठ डॉक्टरांचे शब्द निघाले, नो रिॲक्शन, ठीक. साक्षी भिंतीला टेकली. मित्रांनो, मी आयुष्यभर लोकांना त्यांचा आवाज ऐकवला आहे, पण त्या दिवशी तो ऐकवताना मला जड गेले.

वैष्णवीने वडिलांना फोन लावला. तो बंद होता. पुन्हा लावला. बंद. दवाखान्याचा नंबर फाइलमध्ये असायचे कारण नव्हते, ती फाइल अमरावतीची. सुई भरायला किती वेळ लागतो ते साक्षीला माहीत होते. चार मिनिटे, ती हळूच म्हणाली. मागच्या अंगणात टाके भरून पाणी वाहू लागले होते, त्याचा आवाज येत होता आणि नळ बंद करायला कोणी उठत नव्हते.

"राजूदादा," वैष्णवी एकदम म्हणाली. "तो थांबला असन, आजीले परत आणाले."

राजूचा नंबर गावातल्या प्रत्येकाकडे असतो. त्याने दुसऱ्या रिंगला फोन घेतला. तो स्टँडवर चहा पीत होता आणि दवाखाना त्याच गल्लीच्या टोकाला होता. मॅडमनी फोन घेतला आणि डॉक्टरांना काय सांगायचे ते सांगितले. राजूने ते त्याच्या पद्धतीने घोकले.

"थांबा नका देऊ, असं सांगतो."

हे वाक्यही मधेच दुसरीकडे तुटू शकते, हे मॅडमच्या कानाने पकडले. धापा टाकत गेलेला माणूस दारातून ओरडणार, आणि आतल्याला ऐकू येणार, थांबा नका, देऊ.

"राजू, तसं नको. तीनच शब्द. सुई देऊ नका. म्हणून दाखव."

"सुई देऊ नोका."

"अजून एकदा."

"सुई देऊ नोका."

"अन् डॉक्टरांना सांग, या नंबरवर फोन करा. पळ आता."

त्यानंतरचा वेळ मला मोजता येत नाही. मला वेळ कॅसेटच्या फितीवरून कळतो आणि माझी फीत तेव्हा थांबलेली होती. वैष्णवी उंबऱ्यावर फोन दोन्ही हातांत धरून बसली होती. साक्षी एकाच जागी उभी होती. खोलीत त्या तिघी होत्या आणि कोणी कोणाकडे बघत नव्हते. त्या घडीला मी एखादा माणूस असतो तर उठून निदान नळ तरी बंद केला असता.

फोन वाजला. अनोळखी नंबर. मॅडमनी स्पीकर लावला.

"सुई भरून ट्रेमध्ये ठेवली आहे," डॉक्टरांचा आवाज तुटक होता. "हा माणूस म्हणतो देऊ नका. कागदावर नक्की काय आहे?"

मॅडमनी कागद साक्षीपुढे धरला. साक्षीने नको म्हणून मान हलवली.

"तुमी वाचा, मॅडम."

"त्यांच्या कानात तुझा आवाज आहे. तोच दुरुस्त झाला पाहिजे. मी इथेच आहे. वाच."

मॅडमचे बोट प्रश्नचिन्हाखाली टेकलेले होते. साक्षीने आधी ओळ डोळ्यांनी पाहिली, मग श्वास घेतला. "पेनिसिलिन गिव्हन?" तिचा आवाज शेवटाला चढला, खरोखर कोणाला विचारावे तसा. बोट पुढे सरकले. "नो." बोट तिथेच राहिले. मॅडमनी ते हलवले नाही आणि साक्षीही थांबली. तेवढ्या शांततेत पलीकडून ट्रेचा बारीक आवाज आला. मग बोट खालच्या ओळीवर उतरले. "रिॲक्शन सीन अर्लिअर."

पलीकडे ट्रे दूर सरकवल्याचा आवाज आला.

"म्हणजे दिलंच नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "आधी रिॲक्शन आली होती म्हणून."

"हो सर," साक्षी म्हणाली. "पयले मी चुकीचं वाचलं. मी थांबली नाही."

"आणि मी पुन्हा विचारलं नाही," डॉक्टर म्हणाले. "बरं झालं तुम्ही कळवलं."

मॅडम मागे जाऊन नळ बंद करून आल्या. येईपर्यंत साक्षी निघून गेली होती. चपला तिथेच राहिल्या होत्या.

संध्याकाळी जगदेवांनी राजूच्या फोनवरून कळवले की दुसरे औषध सुरू केले आहे. ताप उतरल्यावर गोजराबाईला आठवले की तरुणपणी एकदा सुई घेतल्यावर तिच्या अंगभर गांधी उठल्या होत्या आणि गळा आवळल्यासारखा झाला होता. अमरावतीला विचारले तेव्हा तिने ते सांगितले होते, या वेळी तापात तिला कोणी विचारलेच नव्हते.

पुढचे दोन रविवार साक्षी वर्गाला आली नाही आणि वाशीमलाही गेली नाही. वर्गाच्या वेळी धम्मरत्न मात्र येऊन गेले. पोरगी नर्सिंग सोडायचे म्हणते, हातून माणूस मरेल म्हणते, तुम्ही समजवा, असे ते मॅडमना म्हणाले. मॅडमनी त्यांना बसवले, पाणी दिले आणि थोडे दिवस जाऊ द्या म्हणाल्या. त्या रात्री जेवणानंतर त्या माझ्यासमोर बराच वेळ बसून होत्या, पण कळ दाबली नाही.

तिसऱ्या रविवारी गोजराबाई स्वतः आली. काठी टेकत, पायाला पट्टी. ओट्यावर बसली आणि साक्षीला बोलवा म्हणाली. वैष्णवी जाऊन तिला घेऊन आली. साक्षी दारापाशीच थांबली. म्हातारीने कमरेच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला. दवाखान्याचा नवा कागद होता, गोळ्यांचा.

"हे वाच मले. कोनती गोळी कवा घ्याची ते सांग."

"आजी, मी वाचते ना," वैष्णवी म्हणाली.

"तू तं घरचीच हायेस. मले हिच्याकून ऐकाचं हाय."

साक्षीचे डोळे भरले. "आजी, माह्यामुळं तुमचा जीव जात होता."

"ठावं हाय मले," गोजराबाई म्हणाली. "म्हनूनच बलावलं. आता तू घाई कराची नाहीस."

साक्षी खाली बसली. तिने कागद आधी मनात वाचला, ओठ न हलवता, वरपासून खालपर्यंत. एका जागी अक्षर लागेना, तेव्हा मॅडमना विचारले. साक्षी अशी कोणाला काही विचारते आहे हे मी पहिल्यांदा पाहिले. मग एकेक ओळ वाचून तिने वऱ्हाडीत सांगितली. ही गोळी सकाळी, जेवल्यावर. ही रात्री. ही फक्त दुखले तर, नाहीतर नाही. प्रत्येक ओळीनंतर ती थांबे आणि गोजराबाई ते स्वतःच्या तोंडाने परत म्हणे. सात ओळींच्या कागदाला पाव तास लागला. मॅडमनी त्या सबंध वेळात टेबलावर एकही टिचकी मारली नाही.

वाचून झाल्यावर म्हातारीने कागदाची घडी घातली, समजलं म्हणाली, आणि साक्षीच्या खांद्याचा आधार घेऊन उठली. सोमवारी सकाळच्या बसने साक्षी वाशीमला गेली.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. माझा पट्टा पुन्हा सैल झाला आहे आणि तसा पट्टा आता कारंज्यात मिळत नाही. माझा आवाज जाईल त्याआधी तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. कोणी अडलेला माणूस त्याचा कागद तुमच्या हातात देईल, मग तो इंग्रजीत असो की मराठीत, तेव्हा तो आधी स्वतः पाहा. लहानातल्या लहान खुणेवर बोट ठेवा. जिथे लिहिणारा थांबला आहे तिथे तुम्हीही थांबा. तुमच्या शेजारी कोणी भीतभीत ‘इथे काहीतरी आहे’ म्हणाले, तर कागद त्याच्यापुढे करा. सावकाश वाचणाऱ्याला हसू नका. ऐकणाऱ्याला दोनदा विचारू द्या. कागद ज्याचा आहे त्याला तो वाचता येत नाही, म्हणून तर त्याने तो तुम्हाला दिला आहे.